सशामागचा डोंगर

अख्खा डोंगर गायब केलात, साहेब. तुमचं नाव आणि हुद्दा इथं घालत नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. पण काम तुमचंच. आता ऐका कसं झालं ते, मध्ये घड्याळ बघू नका.

सुप्याच्या एका कारखान्यात पत्रे कापणाऱ्या हैदरला सुट्टीच्या दिवशी एकच नाद होता, रानातल्या बारक्या जनावरांचे फोटो काढायचा. खार, मुंगूस, ससा. कॅमेरा त्यानं लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतलेला आणि त्याचं भिंग मांडवातलं सगळं वऱ्हाड मावेल एवढं रुंद. त्यामुळे त्याच्या फोटोत मुंगूस चिमूटभर आणि माळ पोतंभर यायचा. कारखान्यातला त्याचा जोडीदार सहादेव प्रत्येक फोटोवर बोट ठेवून विचारायचा, "हे का जनावर?"

"तो दगड हाय."

"मंग हे?"

"त्योबी दगडच."

"मर्दा, तू दगडाचे फोटो काढ की. पळत तरी न्हाईत."

तेवढ्यात साहेबांच्या नगरच्या सरकारी कार्यालयानं स्पर्धा काढली: 'रानातला छोटा जीव, त्याच्या भोवतालासह.' भोवतालासह! हे साहेबांचेच शब्द, जाहिरातीत छापलेले. पहिला येणारा फोटो मोठा करून कार्यालयाच्या भिंतीवर लावणार होते. हैदरनं वाचून दाखवलं तसे खाटेवर पडलेले त्याचे अब्बा, ज्यांना सगळे मुजफ्फरचाचा म्हणायचे, कोपरावर उठून बसले.

"त्यांच्या भिंतीवर? मंग आपला लिंब लाव."

हा लिंब म्हणजे एक कडूलिंब. बारा वर्षांपूर्वी पाथर्डीकडच्या त्यांच्या गावच्या डोंगरावर याच कार्यालयानं पाच हजार रोपं लावली, म्हणजे पाटीवर तरी लावली. त्यांना पाणी घालायच्या कामावर चाचा होते. खालच्या टाकीवरनं खांद्यावर कावड घेऊन दोन उन्हाळे ते डोंगर चढले. तिसऱ्या वर्षी त्यांना कामावरून काढलं आणि कागदावर शेरा मारला, 'पाणी घातले नाही. एकही रोप जगले नाही.' एक जगलं होतं. चाचांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पुढं गुडघे गेले, हैदरनं त्यांना सुप्याला आणलं आणि डोंगर तिकडंच राहिला. आजही जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि चाचा विचारायचे, "आता केवढा झाला आसंल रं?"

"जेवा, अब्बा," सून जहिरा म्हणायची. "तुमच्यापेक्षा उंच झाला आसंल."

हैदरनं चार सुट्ट्या त्या डोंगरावर पोटावर पडून काढल्या. अंगाला कुसळं, कानात मुंग्या. चौथ्या सुट्टीला सकाळच्या उन्हात लिंबाच्या बुडाशी ससा येऊन बसला, कान ताठ. फोटोत सगळं आलं: मुठीएवढा ससा, त्याच्यावर एकटा हिरवा लिंब, मागं बोडका डोंगर आणि टोकाला साहेबांची पाटी.

घरी चाचांनी मोबाईल नाकाला लावला. सशाकडं त्यांनी ओझरतंच पाहिलं. पण लिंबावर अंगठा फिरवत ते फांदीपर्यंत आले. म्हणाले, "फांदी डावीकडं झुकली. वारा तिकडनंच यायचा."

आठवड्यानं कार्यालयातल्या काकासाहेबांचा फोन आला. हा माणूस वाईट नव्हता, नोकरीला होता.

"अभिनंदन, हैदरभाई! पहिला नंबर. फक्त बारीक अडचण हाय. पाटी."

"पाटीला काय झालं?"

"पाटीवर पाच हजार झाडं अन् फोटोत एक. पाहुणे मोजत्याल ना."

"मंग काढा पाटी. पाटीला कुठं जीव हाय?"

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "पाटी काढली. पन आता लिंब लईच एकटा दिसतोय हो."

"लिंबाला हात लावायचा न्हाई, काकासाहेब. माझ्या बापाचा हाय त्यो."

"बरं बरं, बघतो," काकासाहेब म्हणाले. सरकारी 'बघतो' म्हणजे काय हे नगर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही कळतं. हैदरला मात्र त्या दिवशी कळून घ्यायचं नव्हतं.

समारंभाच्या दिवशी जहिरानं चाचांचा पांढरा सदरा इस्त्री केला, टोपीवर हात फिरवला. सहादेवनं टेम्पो आणला, मागं खुर्ची दोरीनं बांधली, खुर्चीत चाचा. नगर येईपर्यंत वाटेतला प्रत्येक लिंब बघून ते म्हणत होते, "ह्याच्याएवढा आसंल. न्हाई, ह्याच्यापेक्षा थोडा बारका."

कार्यालयात त्यांना खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत ठेवलं. साहेबांनी परिसर या विषयावर बराच परिसर व्यापणारं भाषण केलं आणि फोटोवरचा पडदा ओढला.

ससा होता. ओढून ओढून शेळीएवढा केलेला. त्याच्या मागं हिरवेगार डोंगर, ढग आणि मधोमध दूध सांडावं तसा धबधबा. पाथर्डीत धबधबा! टाळ्या पडल्या.

हैदरनं काकासाहेबांना कोपऱ्यात गाठलं. "लिंब कुठं गेला?"

"आसं झालं बघा," काकासाहेब कुजबुजले. "लिंब ठेवला तर डोंगर बोडका दिसायला लागला. म्हनून डोंगर बदलला. नव्या डोंगरावर लिंब शोभंना. म्हनून लिंब काढला."

"मंग ससा तरी कशाला ठेवला?"

"ससा नियमात बसतो."

तिकडं चाचा खुर्चीतून पुढं वाकून फोटो न्याहाळत होते. "हैदर, ससा आपलाच दिसतोय."

"व्हय, अब्बा." हैदरनं जाऊन खुर्ची फोटोला लागून सरकवली.

"साहेब," चाचांनी विचारलं, "हे पानी हितं कधीपासनं हाय?"

साहेब हसले. "चाचा, ही सौंदर्यदृष्टी!"

"आसंल. पन पानी एवढ्या जवळ हुतं, तर मला दोन उन्हाळे खालनं कावड का वाहायला लावली?"

सगळा हॉल हसला. साहेबही हसले, मग त्यांनी रुमाल काढला. एकटे चाचा हसले नाहीत. त्यांनी हात लांब केला आणि सशाच्या वर, जिथं आता फेस उसळत होता, तिथं काचेवर अंगठा टेकवला. मोबाईलवर टेकवला होता तसाच. अंगठा थोडा डावीकडं सरकला.

बाहेर सहादेवनं टेम्पो चालू करून हॉर्न दिला. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. चाचांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"हैदर, सहादेवला सांग टेम्पो बंद कर. साहेबांचं उत्तर यायचं हाय अजून." आणि मग साहेबांकडं वळून, अगदी हळू, "पानी ऱ्हाऊ द्या, साहेब. माझा लिंब कुठं हाय?"

बोला की, साहेब.