तलवारबाज नोकरीला लागला

आमच्या गावच्या नाटकात तलवारी पत्र्याच्या होत्या. एकमेकींवर आपटल्या की रिकामा डबा पडल्यासारखा आवाज व्हायचा. साठ वर्षं मी तोच आवाज तलवारीचा धरून चाललो होतो. त्यामुळे अमेरिकेत सनीव्हेलला लेकाच्या घरी टीव्हीतून खरा खणखणाट आला, तेव्हा नऊ वर्षांच्या नातीशेजारी, हिमानीशेजारी, मी जरा टेकलो. (माझं आजवरचं सगळं नुकसान असं जरा टेकण्यातच झालंय.)

जपानी कार्टून होतं. गोष्ट मात्र फ्रान्सची, एका जुन्या कादंबरीवरची. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मी चौथी पास. एक ओळ वाचून होईपर्यंत दोन माणसं मरायची. मग हिमानी मराठीत सांगायची.

"आजोबा, रोज एकच एपिसोड. एकट्यानं बघायचं नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

शेवटचे तीन भाग उरले आणि आमचा तरुण तलवारबाज पुलावरून खाली पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मला जेवण जाईना. पोरगं जिवंत आहे का, एवढंच बघावं म्हणून मी बटण दाबलं, आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा तलवारबाज नूडल्सच्या दुकानात भांडी घासत होता! तेच पिवळे केस. तलवार गेलेली. बाहेर मोटारी. (मी म्हटलं, बरीच वर्षं लोटली असतील.) मालक स्वभावानं बरा दिसला. माझा जीव भांड्यात पडला. पोरगं मार्गी लागलं.

संध्याकाळी आम्ही पुढचा भाग लावला. तलवारबाज अंथरुणात, मित्र टोप्या काढून उभे. हिमानीचे डोळे भरले.

"ही इज गोइंग टू डाय, आजोबा."

मला राहवलं नाही. "रडू नकोस गं. तो नोकरीला लागतो. नूडल्सच्या दुकानात."

तिनं टीव्ही थांबवला. "तुला कसं माहीत? तू एकट्यानं बघितलंस?"

"नाही गं. मी झोपलो होतो."

"झोपेत बघितलंस?"

माझा लेक केदार आला, त्यानं रिमोट घेऊन काहीतरी शोधलं. "बाबा, तुम्ही झोपलात तेव्हा ही सिरीज संपली. मग आपोआप दुसरी लागली. तो नूडल्सवाला वेगळाच आहे."

"मग आपला वाचतो का?"

"मला काय माहीत? शेवट तुमच्यासमोर झाला."

मी हिमानीकडे वळलो. "बघ, मलाही ठाऊक नाही. म्हणजे प्रॉमिस तसं मोडलंच नाही. लाव पुढे."

हिमानीनं टीव्ही बंद केला. स्टूल ओढलं, घरात लहान मूल असलं की ठेवतात तसा रिमोट फ्रिजवर ठेवला, आणि आत निघून गेली.