हललं किती ते सांगणारे आनंदराव

साधा शर्ट घातलेल्या माणसाशी आनंदराव चौगुले धड बोलत नाहीत. माणूस कितीही मोठा असो, अंगात चौकड्यांचाच शर्ट हवा. दिवाळीला त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना एकेक चौकड्यांचा शर्ट दिला. मलाही दिला. मी साडी नेसते, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

आमची कोल्हापुरात छोटीशी कंपनी आहे. कॅमेऱ्यासमोर काय हललं, कुठं हललं, किती हललं, हे ओळखणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. म्हणजे लिहितात आनंदराव; आम्ही कॅमेऱ्यापुढून चालतो. "म्याडम, जरा दारापातूर जाऊन या की," हे दिवसातून दहा वेळा. आलं की लगेच निकाल: "डावा पाय मागं ऱ्हातोय बगा तुमचा."

चौकड्यांचं कारण त्यांनीच मला सांगितलं. कोरी पांढरी भिंत बोटभर सरकली तर कुणाला कळणार? कॅमेऱ्याला धरायला रेघ, कोपरा, ठिपका, काहीतरी लागतं. "साधा शर्ट म्हंजे क्यामेऱ्याच्या डोळ्यात धूळ!"

माझ्या भावाच्या वरातीत सगळे नाचत होते आणि हे हाताची घडी घालून बघत होते. "नवरदेवाचा मामा फुडं सरकतच न्हाय, नुस्ता वरखाली हाय." मामांनी ते ऐकलं. पुढं जेवणापर्यंत ते नाचलेच नाहीत.

इचलकरंजीच्या एका कारखानदारांना, मागावरचं कापड तिरकं सरकलं की माग तिथंच थांबवणारा कॅमेरा हवा होता. पहिल्या खेपेला आमचं उत्तर अचूक आलं, पण तोवर वीतभर कापड वाया गेलं होतं.

"पावणं, मला आत्ता कळाय पायजे," मालक ओरडले. "तुमचा क्यामेरा उद्या सांगतोय!"

आमचे साहेब हळूच म्हणाले, "चौगुले, थोडं चुकलं तरी चालेल, पण वेग वाढवा."

आनंदराव लालबुंद झाले. "चुकायचंच आसंल तर क्यामेरा कशाला? तुमी हाय की!"

आठवडाभर ते कुणाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी मला हाक मारून नवी युक्ती सांगितली. आधी चित्र अगदी लहान करून बघायचं, डोंगरावरून गाव बघितल्यासारखं. कुठल्या अंगाला सरकलंय एवढं कळलं, की तेवढ्याच जागी जवळ जाऊन मोजायचं. "आख्खं गाव हुडकायचं न्हाय. आळी घावली की घर घावतंय."

दुसऱ्या खेपेला कापड जरासं सरकलं आणि माग खटकन थांबला. मालकांनी हात जोडले. आनंदराव म्हणाले, "शर्ट तेवढा बदला."

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडं माझ्या लेकीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ घेऊन गेले. माझा हात थरथरल्यामुळं सगळं चित्र डुगडुगत होतं. त्यांनी माझा हात क्षणाक्षणाला किती हलला ते मोजलं, चित्र तेवढंच उलट्या बाजूला सरकवलं, आणि लेक स्थिर स्टेजवर नाचू लागली.

"तुमचाही असेल की असा एखादा," मी सहज म्हणाले.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं केला. त्यांनीच काढलेल्या व्हिडिओत त्यांची बायको होती. वहिनी तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेल्या. कसबा बावड्याच्या मोकळ्या मैदानात त्या स्कूटी शिकत होत्या. दोन्ही पाय जमिनीला घासत, ओरडत येत होत्या, "आवो, फुडनं सरका की! मरायचं हाय का?" चित्र इतकं हलत होतं की त्यांचा चेहरा धड दिसत नव्हता.

"ह्याचं हलणं नाही काढलंत?"

"काढलतं की. सगळ्यात पयला ह्योच केलता. झकास दिसाय लागली." त्यांनी डुगडुगत्या चित्रावर बोट ठेवलं. "पर ह्ये जे हलतंय न्हवं, त्यो मी हाय. हसू दाबत हुतो, ती चिडंल म्हनून. हलनं काढलं आन् ती एकटीच ऱ्हायली वो मैदानात."

"मग?"

"पुसला त्यो," आनंदराव म्हणाले, आणि हलणारा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.