ज्ञानूआण्णांचा घसा

ज्ञानूआण्णा भाजी घेऊन आले की थेट घरात शिरत नसत. गल्लीच्या तोंडाला उभे राहत, पिशवीतलं एक वांगं देठाला धरून वर करत आणि पुकारत, "वांगी! काटेरी! रुपाया किलो! कुनाला कमीनं मिळाल्यात का? बोला!" एखादी खिडकी उघडायची आणि आतून आवाज यायचा, "आण्णा, मला बारा आण्यानं मिळाली." की आण्णा पिशवीसकट माघारी! भाजीवाली बिचारी त्यांना लांबून येताना बघितलं की चार आणे हातात काढूनच बसायची.

"आवं, आत या की. लोकं हसत्यात," वहिनी दारातून म्हणायच्या.

"हसू दे. आपल्यात कापडाखाली काय न्हाई!"

हे त्यांचं पालुपद. दवाखान्यात बाकावर बसले की शेजारच्याला विचारायचे, "तुमाला काय झालंय? मला मूळव्याध हाय. बोला, कापडाखाली काय न्हाई." माणूस उठून दुसऱ्या बाकावर जायचा. आम्ही एका भिंतीआड राहत होतो, त्यामुळं त्यांच्या डब्यात साखर किती उरलीय हे माझ्या बायकोला आमच्या डब्याच्या आधी कळायचं.

माझ्या बहिणीला बघायला लोणंदकडची मंडळी आली होती. पोहे झाले, मुलाच्या मामानं माझ्या वडिलांना खुणावलं आणि दोघं परसात गेले. तिथं काय बोलणं होणार हे बैठकीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आण्णा शेजारधर्म म्हणून येऊन बसले होते. ते उठले, परसात गेले आणि मामाचा दंड धरून त्याला परत बैठकीत घेऊन आले. "हां मामा, आता हितं पुकारा. पयला आकडा काय?" मामानं टोपी उचलली, मागोमाग मंडळी उठली. वडील पुढं सहा महिने आण्णांशी बोलले नाहीत. बहीण मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडं शेंगदाण्याचे लाडू देऊन आली.

मी बाजार समितीच्या कचेरीत कारकून होतो. पेठेचं नाव सांगत नाही. मला अजून तिथंच राहायचंय. सांगली एका अंगाला, सातारा दुसऱ्या अंगाला आणि मधे आम्ही, हळदीच्या धुळीत. शर्ट पिवळा, फायली पिवळ्या, संध्याकाळी शिंकलो तर तीही पिवळीच. त्या सत्तरच्या दशकात जो उठे तो प्रगतीवर बोलायचा. आमच्याकडं वीज आली, ट्रक आले, मोठा काटा आला. उद्घाटनं झाली, हार झाले, फोटो झाले. खुर्च्या मांडायला आणि उचलायला मीच.

पण हळदीचा दर ठरायचा तो टॉवेलाखालीच. न बघितलेल्याला सांगतो. शेतकरी हळद आणून ढीग घालायचा. व्यापारी यायचा, एक हळकुंड मोडून आतला रंग बघायचा आणि शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या अडत्याचा हात हातात घ्यायचा. वर टॉवेल टाकायचा. टॉवेलाखाली बोटं दाबायची, त्यात दर ठरायचा. बाहेर दिसायचा तो हलणारा टॉवेल. आणि ज्याची हळद, तो धनी बाजूला पागोटं सावरत उभा, टॉवेलाकडं बघत. हात सुटले की अडत्या सांगायचा, "इतका आला." आत किती ठरलं आणि बाहेर किती आलं, हे देवाला आणि त्या दोघांना माहीत.

मग वरून हुकूम आला. यापुढं उघड लिलाव. सगळ्यांसमोर, तोंडानं. आम्ही पाटी रंगवली आणि भिंतीवर ठोकली. त्या पाटीखालीच सावली चांगली म्हणून व्यापारी उभे राहायचे आणि टॉवेल टाकायचे. हे काही महिने चाललं. मी बघत होतो. कारकुनानं बघण्यापलीकडं काय करायचं असतं?

लिलाव पुकारायला माणूस पाहिजे म्हणून जागा निघाली, तेव्हा अर्ज एकच आला. ज्ञानूआण्णा पलटणीत परेडला हुकूम द्यायचे, नुकतेच पेन्शनीत निघाले होते. सभापतींनी विचार केला, म्हातारा आठ दिवस ओरडेल आणि दमेल.

पहिल्याच सकाळी आण्णा पाटीखाली गेले. दोन हात टॉवेलात होते. आण्णांनी टॉवेल उचलला, झटकला, घडी केली आणि खांद्यावर टाकला. पेठेतले दोन मातब्बर गृहस्थ भर उन्हात, अंतरपाट नुकताच काढल्यागत, एकमेकांचा हात धरून उभे! हमालांनी पोती टाकली आणि पोट धरून हसले.

"हां," आण्णा म्हणाले, "आता तोंडानं बोला. ढीग पयला! पुकारा!"

कोणी पुकारलं नाही. व्यापाऱ्यांनी आठवडाभर खरेदीच बंद ठेवली. हळद पडून राहिली आणि शेतकरी आण्णांवरच उलटले. "आण्णा, तुमच्या उघडपनापायी आमी बुडालो की वं!" आण्णा रोज यायचे, एकेका ढिगासमोर उभे राहायचे, समोर चिटपाखरू नसताना पुकारायचे आणि पुढच्या ढिगाकडं जायचे. मी कचेरीच्या खिडकीतून म्हणायचो, "आण्णा, कुणाला सांगताय?" ते म्हणायचे, "भाऊसाब, सवय लावतुय."

"कुणाला?"

"जागंला."

शेवटी बाहेरगावचा एक किरकोळ व्यापारी ट्रक घेऊन आला. त्याला इथल्या भानगडी ठाऊक नव्हत्या. त्यानं सरळ तोंडानं दर सांगितला. सगळी हळद हाच नेतो की काय म्हटल्यावर मातब्बरांनाही कंठ फुटला. तेव्हापासून लिलाव उघड व्हायला लागला. शेतकरी ढिगाशेजारी उभा राहून स्वतःच्या कानानं दर ऐकायला लागला. नाही पटला तर "देत न्हाई जा" म्हणायलाही लागला. आमच्या सगळ्या उद्घाटनांत मिळून जे झालं नाही, ते एवढ्यानं झालं. हे मी कबूल करतो, आणि मी सहसा काही कबूल करत नाही.

तीन-चार हंगाम गेले आणि आण्णांचा घसा बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला. डॉक्टरनी दिवा लावून आत बघितलं आणि बजावलं, ओरडणं बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

"जाऊ दे," आण्णा फाटक्या आवाजात म्हणाले. "मी गप बसलो की टावेल भाईर येत्यात का न्हाई बगा."

मला ते पटलं, हीच तर पंचाईत. भिंतीवरच्या पाटीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. एवढी मोठी संस्था, सभापती, सचिव, जीप, आणि सगळी उभी कशावर? एका म्हाताऱ्याच्या घशावर.

आण्णांनी यावर तोड काढली. एक कर्णा पाहिजे, बॅटरीवर चालणारा, हातात धरायचा. मी तसा ठराव मांडला. सभापती म्हणाले, कल्पना उत्तम आहे, उपसमिती नेमू. उपसमिती कर्णे बघायला जीप घेऊन साताऱ्याला गेली आणि पाचगणीहून स्ट्रॉबेऱ्या घेऊन परत आली. कर्ण्याबाबत अधिक अभ्यास व्हावा, असा अहवाल आला. मी तो फायलीला लावला. किती अहवाल लावले मी आजवर!

आण्णा ओरडत राहिले. वहिनी रोज मध-आलं करून द्यायच्या आणि रोज रडायच्या.

मग तो दिवस आला. ऐन हंगाम, शंभर माणूस गोळा झालेलं. आण्णा पहिल्या ढिगासमोर उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. काहीच आलं नाही. परत उघडलं. नुसती हवा. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज म्हणून फुटेना. एका व्यापाऱ्याचा हात खांद्यावरच्या टॉवेलाकडं गेला. झालं, मी मनाशी म्हटलं, संपलं सगळं.

तो ढीग होता पूर्वेकडच्या एका धनगराचा. मेंढरं कमी करून नुकताच विहिरीवर हळद करायला लागलेला, लाजरा गडी. त्यानं आण्णांकडं बघितलं, व्यापाऱ्याकडं बघितलं आणि मेंढरं हाकारतात त्या आवाजात ओरडला, "माजी हळद हाय! बोला की रं, काय देताय? मोठ्यानं बोला!"

हात टॉवेलावरून खाली आला. व्यापारी बोलला. दुसरा त्याच्या वरचा दर बोलला. पुढच्या ढिगाच्या धन्यानं स्वतःच पुकारा केला, त्याच्या पुढच्यानंही. दुपारपर्यंत अख्खा बाजार उरकला, आणि आण्णा कडेला उभे होते.

मला वाटलं, म्हातारा खूश असेल. जवळ जाऊन बघतो तर आण्णा रडत होते. त्यांनी मला वाकवलं आणि कानाशी तोंड आणलं. हा माणूस कुणाच्या कानाशी बोलतोय हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मोठ्या कष्टानं, तुटक तुटक ते बोलले.

त्यांचा बाप असाच हळद घेऊन यायचा आणि टॉवेलाकडं बघत उभा राहायचा. हातावर पडेल ते घेऊन घरी जायचा. आई म्हणायची, शेजारच्याला जास्त आले, तुम्ही मधल्या मधी खाल्ले. बाप पोरांच्या शपथा घ्यायचा. खरा दर काय होता हे त्यालाच ठाऊक नसायचं, तर सांगणार काय? हंगामामागून हंगाम घरात तेच भांडण. बाप गेला तेव्हाही आई त्याच्याशी बोलत नव्हती.

"आय हाय अजून. गावाकडं, धाकट्याकडं," आण्णा कुजबुजले. "तिला हितं आनून दावणार व्हतो, दर कसा ठरतो, आदी कसा ठरायचा. म्हननार व्हतो, बानं खाल्लं न्हाई. आता तिला ऐकू येत न्हाई, आन मला आवाज न्हाई. भाऊसाब, तुमी चला."

मी आयुष्यात कुणावर ओरडलेला माणूस नव्हे. साहेबावर नाही, बायकोवर तर नाहीच. तरी गेलो. एस.टी.नं तासाभरावर नदीकाठचं गाव. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. आण्णा तिच्या पायाशी बसले आणि मला खूण केली.

"आजी!" मी ओरडलो. "तुमच्या मालकांनी पैसे खाल्ले नव्हते! दर टॉवेलाखाली ठरायचा! त्यांना कधी कळलाच नाही!"

"कोन बोंबलतंय?"

मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा शेजारीपाजारी गोळा झाले. म्हातारीनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"ठावं हाय की मला," ती म्हणाली. "खानारा गडी असा वाळून जातुय व्हय?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. काय विचारायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. "मग एवढं भांडलात का?" मी ओरडलो.

"मग काय करू? मनात लय राग व्हता. त्यो व्यापारी काय माझ्या म्होरं यीत व्हता? म्होरं ह्येच व्हते." तिनं पदरानं डोळे पुसले. "ठावं हाय एवढं त्येंस्नी म्हनायचं ऱ्हाऊन गेलं बग."

आण्णांचे ओठ हलायला लागले. बराच वेळ ते तिच्याशी काहीतरी बोलत होते. म्हातारीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ज्ञानू, काय पुटपुटतुयास? मोठ्यानं बोल की रं."

मी पुढं सरकलो. "आण्णा, मला सांगा, मी सांगतो त्यांना," म्हटलं.

आण्णांनी माझ्याकडं बघून नको म्हणून मान हलवली, आणि पुन्हा आईकडं तोंड करून ओठ हलवत राहिले.