खुबा झिजेल म्हणून

"माझी रॅकेट कुठंय?" सकाळीच त्याने घर डोक्यावर घेतलं.

"ठेवली जपून," बायको म्हणाली. कुठे, ते मात्र सांगितलं नाही.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने खुब्याचा सांधा बदलून घेतला तो एकाच गोष्टीसाठी: बॅडमिंटन. क्लबातला जोडीदार, एक निवृत्त कॅशियर, त्याच्यासाठी थांबून होता. पण या रविवारी आला नाहीस तर दुसरा गडी बघतो, असं त्यानेही आता बजावलं होतं.

आडवी येत होती ती घरची रीत. या घरात नवी वस्तू वापरत नसत. सोफ्यावरचं प्लास्टिक फाटलं, तेव्हा त्याच्यावर दुसरं प्लास्टिक आलं. त्यात सर्जन बोलून गेला होता की सांधा वीसेक वर्षं सहज जातो, पुढचं थोडं वापरावर आहे. बायकोने हिशेब मांडला. सासरे नव्वदी ओलांडून गेलेले, म्हणजे नवराही तितका जगणार आणि सांधा कमी पडणार. त्या दिवसापासून नवरा खुर्चीत. दूध, भाजी, बिलं, गच्चीवरची टाकी, सगळं तिच्याकडे. तपासणीची तारीखसुद्धा तिने हुकवली. जाण्यायेण्यात झिजेल म्हणून.

"आणि मी उद्याच गेलो तर? कोरा सांधा घेऊन जाऊ वर?"

"जा की. झिजवून जाऊ नका म्हणजे झालं."

तो असा भडकला की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. शनिवारी रिक्षात घालून त्याने तिला सर्जनसमोर उभं केलं. सर्जनने मांडी चाचपली आणि त्याचाही पारा चढला. "काका, हा चालायला बसवलाय, शोकेसमध्ये ठेवायला नाही. बसून बसून स्नायू गेलेत तुमचे. चाला, पोहा, सायकल चालवा. अंगात ताकद आली की डबल्सही खेळा. उड्या तेवढ्या नकोत."

विजयी मुद्रेने तो बायकोकडे वळला. ती टेबलाची कड धरून उठत होती.

"काकू," सर्जनचा आवाज आणखी चढला, "तुम्ही कधीपासून लंगडताय?"

तिचा खुबा आधीच झिजत आला होता. नवऱ्याचा वाचवण्याच्या धावपळीत तो पुरता गेला. त्याचा रविवार हुकला. तिची शस्त्रक्रिया झाली आणि दूध, भाजी, बिलं, टाकी त्याच्या गळ्यात आली. शिव्या घालत तो इतके जिने चढला की मांड्या लोखंडाच्या झाल्या. सर्जनने दोघांनाही मोकळं केलं. बायको सकाळी फिरायला जाऊ लागली, आणि एक दिवस दूध तापवून, रॅकेट धुंडाळून तो ताठ मानेने क्लबात शिरला.

कोर्टवर कॅशियर होता. त्याच्या शेजारी बूट घालून बायको उभी होती.

"दुसरा गडी मिळाला," कॅशियर नजर चुकवत म्हणाला. "वहिनी कॉलेजच्या टीममध्ये होत्या. बोलला नाहीस कधी."

बोलणार कसा? इतक्या वर्षांच्या संसारात त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो रागाने ओरडला: "अगं, झिजेल ना तुझा!"

तिने शांतपणे सर्व्हिस केली. शटल जाळीत अडकून खाली पडलं.

"तेवढं उचलून द्या," ती म्हणाली. "वाकून झिजेल माझा."