मेंढवाडी लेण्यांचं सुविधा संकुल

नाशिकहून पेठच्या रस्त्याला मेंढवाडीची लेणी आहेत, दोन हजार वर्षांची. त्यांच्या पायथ्याशी गेल्या वर्षी स्वच्छतागृह बांधून पूर्ण झालं. नळाला पाणी आलं, भिंतीला आरसे लागले आणि दाराला कुलूप लागलं. कारण इमारतीला नाव नव्हतं, आणि बिननावाची इमारत आमचं कार्यालय उघडत नाही. मी बुद्धभूषण, तिथला कनिष्ठ लिपिक. फाइल माझ्याकडे होती आणि किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात.

हे कुलूप सगळ्यात जास्त खुपलं पुतळाबाईंना. वंदनेला येणाऱ्यांना त्या पायथ्याशी कमळं नि झेंडू विकतात. वय बासष्ट, गुडघे गेलेले. दर पौर्णिमेला मी फुलं त्यांच्याकडूनच घेतो.

"दादा, सकाळपासून पाण्याचा थेंब नाय घेतला," त्या एकदा म्हणाल्या. "घेतला की नाल्यापल्याड जावं लागतंय, अन् तिथं आता प्लॉट पडलेत. समोर एवढी चांगली खोली बांधलीय, अन् आम्ही नुसतं बघत बसायचं?"

"मावशी, नावाचं तेवढं अडलंय."

"त्याला कशाला नाव? हाक मारायची हाय का कुणाला?"

मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण 'वाईट वाटले' असा शेरा फाइलवर मारता येत नाही.

प्रथेप्रमाणे नाव माजी आमदाराचं द्यायचं होतं. आजी आमदार उद्या माजी होऊ शकतो. माजीला ती भीती नसते. त्यात 'स्वच्छतागृह' हा शब्द आमच्या साहेबांना बरा वाटत नाही, म्हणून कागदोपत्री इमारत 'पर्यटक सुविधा संकुल' झाली होती. संकुल म्हटल्यावर काय विचारता! माजी आमदार गोरक्षआबांच्या लोकांनी मोर्चा आणला. दिवंगत माजी आमदार सावळीरामअण्णांचे चिरंजीव यादवराव मांडव घालून उपोषणाला बसले. "अण्णांनी ह्या लेण्यांसाठी काय नाही केलं?" असं ते भोंग्यावरून विचारत. मी फाइल चाळून उत्तर शोधलं. काहीच केलं नव्हतं. आबांनीही नव्हतं, पण त्यांचा मोर्चा मोठा होता, म्हणून ठराव त्यांच्या नावाचा झाला आणि सात फुटी संगमरवरी पाटी आली.

उद्घाटनाला आबा फेटा बांधून आले, फीत कापण्याआधी आत डोकावले आणि तसेच माघारी फिरले.

"हे काय रे?"

"सुविधा, आबा."

"ह्याच्यावर माझं नाव? उद्या लोक म्हणतील, जरा आबांकडं जाऊन येतो!"

आबा मोठ्या मनाचे. हा मान सावळीरामअण्णांनाच शोभतो, असं त्यांनी जागच्या जागी जाहीर केलं. यादवरावांनी तासाभरात मांडव सोडला आणि अण्णा आयुष्यभर आबांना थोरल्या भावाच्या जागी मानत, तेव्हा पहिला मान आबांचाच, असं लेखी दिलं. आता ठराव रद्द करावा तर माजी लोकप्रतिनिधीचा अवमान, ठेवावा तर आबांची हरकत. फाइल फिरून माझ्याच टेबलावर आली.

लेण्यांत पाण्याचं एक टाकं आहे. त्यावर ब्राह्मीत दोन ओळी आहेत. रविवारच्या लिपीवर्गाला जाऊन मी त्या वाचायला शिकलो, तीन अक्षरं तेवढी अजून लागत नाहीत. एका फुलं विकणाऱ्या बाईनं ते टाकं दान दिलंय. त्याला कुलूप नाही. त्या धर्तीवर पुतळाबाईंचं नाव द्यावं, अशी टिपणी मी मांडली.

"बाई माजी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, अजून तिथंच बसते."

"मग कसं चालेल?"

हे पुतळाबाईंना सांगितलं, तर त्या चिडल्याच. "मला नाव नको, बाबा. किल्ली दे!"

शेवटी साहेबांनी आबांसह स्थळपाहणी ठेवली. ह्या वेळी काहीतरी सुटेल म्हणून मी किल्ली खिशात घालूनच गेलो. आबा धापा टाकत वर लेण्यांत चढले आणि दुसऱ्या खांबापाशी थबकले. दगडात कोरलं होतं : 'गोरक्ष, ९ वी ब, सहल.'

"अरे, हे तर मीच! कर्कटकानं कोरलं होतं!" आबांचे डोळे भरून आले.

साहेबांचाही चेहरा उजळला. एका स्थळी एकाच व्यक्तीचं नाव दोनदा देता येत नाही, असा नियम आहे. आबांचं नाव इथं आधीपासूनच आहे, सबब ठराव आपोआप रद्द! अवमान नाही, हरकत नाही. मी किल्ली काढून पायऱ्या उतरायला लागलो. खाली पुतळाबाई उभ्या राहून माझ्याकडेच बघत होत्या.

"थांबा," साहेब म्हणाले. "आबांचं कोरलेलं नाव आपण ग्राह्य धरलं. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

बाकीचे पुष्कळ होते. दोन दिवस पंचनामा चालला. सनी, मनाली, बदाम, बाण, बॅच नंबर, सगळं धरून सहाशे तेरा नावं निघाली. ह्या सर्वांचा हक्क इमारतीच्या आधीचा. इमारत त्यांच्या नावाविना उघडण्यास आपली हरकत नाही, असं प्रत्येकाकडून लेखी घ्यावं, असा आदेश निघाला.

पहिलं पत्र मीच दिलं. टाक्याच्या लेखावर, डावीकडे : 'बुद्धभूषण, ८ वी अ.' भिंग लावून दर रविवारी जी तीन अक्षरं मला लागत नव्हती, ती माझ्याच नावाखाली गेलेली होती. लाज वाटली हो.

उरलेल्या सहाशे बारांचे पत्ते कार्यालयाकडे नाहीत. म्हणून हे जाहीर लिहितोय. शाळेच्या सहलीला, कॉलेजातून, नव्या लग्नात, कधीतरी तुम्हीही आला असाल. खांब आठवतोय ना? साध्या कागदावर चालेल, तिकीट लावायची गरज नाही. पण लवकर पाठवा. पुतळाबाई आजही सकाळपासून पाणी प्यायलेल्या नाहीत.