परबकाकू ऑक्सिजन संपवतात

आमच्या मुलुंडच्या चाळीत परबकाकूंशी भांडायची सोय नव्हती. भांडणारा महिन्याभरात मरायचा. म्हणजे, मासिकात.

काकू विज्ञानकथा लिहायच्या. रद्दीच्या लायकीच्या कागदावर निघणारं ते मासिक, मुखपृष्ठावर कायम एक रॉकेट आणि एक किंचाळणारी बाई. राग आला की काकूंची मालवणी सुटे, "थांब मेल्या, तुझो ऑक्सिजन संपवतंय!" आणि खरंच संपवायच्या. चाळीच्या सेक्रेटरीला त्यांनी नावासकट तीनदा मारला. त्यांनी गॅलरीत वाळत घातलेल्या कोळंबीच्या सोड्यांवर माझी सायकल पडली, तर मंगळावर माझ्या हेल्मेटला भोक पडलं.

कथेवर नाव मात्र वि. ना. परब. म्हणजे विनायककाका, त्यांचे यजमान. संपादकाने पहिल्याच कथेला कळवलं होतं, बाईने उडवलेलं रॉकेट वाचकांना पटत नाही. मंगळावर चाळ पटत होती, बाई पटत नव्हती!

काका कचेरीत कारकून. संध्याकाळी जिन्यातूनच विचारायचे, "चहा टाकतेस?" एवढंच काय ते त्यांचं वक्तृत्व. गणपतीत मंडळाने 'थोर लेखक' म्हणून शाल-श्रीफळ दिलं तेही त्यांनाच. काका घामाघूम होऊन बायकांच्या रांगेकडे बोट दाखवत राहिले, "अहो, ती. ती तिथे बसलीय." किती हा विनय, म्हणून लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. त्याची लाज अजून जात नाही. पुढच्या अंकात अख्खं मंडळ उल्केखाली गेलं, ते बरंच झालं.

चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी काका अचानक गेले. मासिकाने काळी चौकट छापली, 'आमच्या लाडक्या लेखकाची लेखणी थांबली.' अरे, लेखणी आमच्या शेजारी काकूंच्या तांदळाच्या डब्यावर पडली होती! दोन महिन्यांनी काकूंनी नवी कथा पाठवली. नाव घातलं स्वतःचं, कुमुद परब. कथा परत आली. सोबत चिठ्ठी, 'प्रयत्न बरा, पण परबांची सर नाही.'

माझं डोकंच फिरलं. "काकू, त्या संपादकाला मारा. आजच मारा!"

"तू आधी वाच," त्या म्हणाल्या. आवाज चढलाच नाही.

वाचली. कथेत पहिल्यांदाच कुणी मरत नव्हतं. सगळ्यांनी मेला म्हणून सोडून दिलेला विनायक नावाचा कारकून शनीवरून परत येतो. जिना चढता चढता विचारतो, "चहा टाकतेस?" कथा तिथेच संपते.

मी म्हटलं, "काकांच्या नावाने पाठवू या. जुनी सापडली म्हणू. डोळे मिटून छापतील."

काकूंनी कागद माझ्या हातातून हिसकावला.

"इतकी वर्षं ह्यांचं नाव लावलं ना रे? पण ह्यांना घरी कोणी आणलं? मी आणलं. हिच्यावर नाव माझंच लागणार."