खाडीचे पाणी गोडे असल्याबाबत

टण्ण!

धाकटा नुकताच झोपला होता आणि थोरलीने काचेच्या पेल्यात खिळा टाकला. एका पेल्यात नळाचं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. शाळेचा प्रयोग. मुदत आठ दिवस.

लोखंड गंजते हे शास्त्राने सिद्ध केले आहे. पण ते केव्हा गंजावे, हे ठरवण्याचा अधिकार आमच्या कार्यालयाला आहे. खाडीवरचा लोखंडी पादचारी पूल आमच्या अखत्यारीत येतो. नियम सुटसुटीत आहे. पाणी खारे असल्यास दरवर्षी खांब खरवडून जस्ताचा लेप द्यावा. गोडे असल्यास पाच वर्षांतून एकदा रंगाचा हात पुरे. पाण्याचा नमुना घ्यायला तपासनीस जातीने जातात. ओहोटीलाच जातात, कारण भरतीला बूट भिजतात. (बूट स्वतःचे असतात, पूल सरकारी.) ओहोटीला खाडीत वरच्या ओढ्याचंच पाणी उरतं. परिणामी बारा वर्षांत बारापैकी बारा नमुने गोडे निघाले. इतकं सातत्य नवऱ्याच्या शब्दातही सापडायचं नाही. खाडीत मासे मात्र समुद्राचे मिळतात. (त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.)

यंदा पुलाच्या वार्षिक दाखल्यावर सही करायची पाळी माझी होती. मी चाचरत म्हटलं, "साहेब, एकदा भरतीला जाऊन बघायचं का?"

"मॅडम, बारा जणांनी सह्या केल्यात. ते सगळे काय डोळे मिटून बसले होते?" साहेब समजुतीने म्हणाले. "आणि समजा, निघालं खारं. मग त्या बारा जणांना कोणत्या तोंडाने सांगणार?"

बिनतोड मुद्दा होता. मी सही केली. 'पूल सर्व ऋतूंत वापरण्यास योग्य.'

आठव्या दिवशी थोरलीने दोन्ही पेले माझ्यापुढे ठेवले. नळाच्या पाण्यातला खिळा जरासा तांबूस झालेला. मिठाच्या पाण्यातल्या खिळ्यावरच्या गंजाचा चुरा तिच्या बोटांना लागत होता.

"आई, आपल्या पुलाखाली कुठलं पाणी आहे गं?"

"गोडं."

"तू बघितलंस?"

"सही केलीय मी."

पडलेल्या दोन दातांच्या खिंडीतून ती हसली. माझ्या सहीवर तिचा फार जीव. प्रगतिपुस्तकावर तीच तर चालते.

"मग पुलावरची ती मधली पट्टी हलते ना, आम्ही सगळ्या रोज तिच्यावरून उडी मारून जातो... उद्यापासून तिच्यावर पाय ठेवू?"